येतो म्हणायची सवय

१

डोंगर चढायचा, माथ्यावर काठी उभी करायची, काठीला तार बांधायची आणि हातातल्या रेडिओवर ‘कोण आहे का’ म्हणून हाका मारत बसायचं, याला आमच्या घरात येडचापपणा म्हणतात. माझी बायको मोना आल्यागेल्याला सांगते की, आमच्या ह्यांना घरात बोलायला वेळ नसतो, म्हणून ते डोंगरावर जाऊन बोलतात. तिचं अगदीच खोटं नाही. मी कागलच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे. दिवसभर भट्टीच्या आवाजात ओरडून झाल्यावर माणसाला एक तर गप्प बसावंसं वाटतं, नाहीतर कुठल्या तरी लांबच्या माणसाशी हळू आवाजात बोलावंसं वाटतं.

याला हॅम रेडिओ म्हणतात. सरकारी परीक्षा द्यावी लागते, मग परवाना आणि त्याबरोबर कॉलसाईन मिळतं, म्हणजे हवेतलं आपलं नाव. उंचावरून लहानशा रेडिओचा आवाजही लांब पोचतो, म्हणून डोंगर. माथ्यावरून चार वेगवेगळ्या माणसांशी बोलणं झालं की तो डोंगर तुमचा, असा आमच्यातला नियम. समोरच्याचं ऐकलं पण बोलायची सोय नसली, तर बटण दोनदा दाबून सोडायचं. टिक टिक. ऐकलं, थांबलोय, असा त्याचा अर्थ.

मला हा नाद लावला धम्मपालनं. तो आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा. आवाज असा की चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत माईक कायम त्याच्या हातात, दुसऱ्या कुणी मागायची हिंमत केली नाही. त्याच्या कॉलसाईनची शेवटची तीन अक्षरं सगळ्या जगासारखी इंग्रजी शब्दांत सांगायची सोडून तो ‘कांदा, हळद, धपाटं’ अशी सांगायचा. पुण्याच्या एका जाणत्या गृहस्थानं त्याला त्यावरून चांगलंच झापलं होतं. पुढच्या रविवारी ह्यानं त्यांनाच आधी कांदा, हळद, धपाटं ऐकवलं.

बोलणं संपवताना सगळे ‘सेव्हन्टी थ्री’ म्हणतात, म्हणजे शुभेच्छा. धम्मपाल तेही म्हणायचा नाही. तो म्हणायचा, ‘येतो.’ मी एकदा म्हटलं, अरे निघालास तर जातो म्हण. त्यावर म्हणाला, “जातो कसं म्हणायचं मर्दा? जातो म्हणून कोण घरातनं भाईर पडतंय का?” त्याच्या संगतीनं मीही कधी ‘येतो’ म्हणायला लागलो ते कळलं नाही.

मग त्याच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनच्या आधी त्याला एकदा पोटभर बोलायचं होतं, म्हणून आम्ही कावळटेकावर गेलो. मसाई पठाराच्या अलीकडचा हा बोडका टेक त्याचा लाडका. आवाज तोवर घोगरा झाला होता. कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली, जो मिळेल त्याच्याशी तो बोलला, घशातून नुसती हवा यायला लागेपर्यंत बोलला. शेवटी बटण दाबून म्हणाला, “बंद करतो. येतो.” हे त्याचं तोंडातून आलेलं शेवटचं वाक्य. खाली उतरताना तो खुणांनीच बोलत होता.

ऑपरेशन नीट झालं. स्वरयंत्र काढलं. आता तो गळ्यावरच्या भोकातून श्वास घेतो, त्यावर लहान मुलांच्या लाळेऱ्यासारखं कापड बांधतो आणि सांगायचं ते पाटीवर लिहितो. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्रही आणलं होतं. त्यातून येणारा आवाज एकदा ऐकून त्यानं ते कपाटात ठेवून दिलं.

२

त्यानंतर मी बरेच दिवस डोंगरावर गेलोच नाही. थंडीत एका रविवारी मोनानंच हाकललं, म्हणून जोतिबाच्या डोंगरामागची एक सोंड चढलो. खाली गुऱ्हाळांचा धूर, समोर पन्हाळा, त्याच्या पलीकडे मसाईचं सपाट पठार. काठी उभी केली, तार ताणली. तिघं पटापट मिळाले. त्यातला तिसरा जयसिंग, इचलकरंजीचा यंत्रमाग मालक. त्याच्या बोलण्यामागं मागांचा खडखडाट कायम असतो. त्याचं झाल्यावर चौथ्यासाठी हाका मारत बसलो, आणि कोणी येत नाही म्हणून डबा उघडला.

“कांदा, हळद, धपाटं. ऐकू येतंय का पावणं?”

भाकरी हातातच राहिली. आवाज घोगरा नव्हता. आजाराच्या आधीचा, मिरवणुकीतला, खणखणीत आवाज होता.

मी बटण दाबून म्हणालो, “धम्मा?”

“तुमचा आवाज झ्याक येतोय पावणं. मी कावळटेकावर हाय. नाव काय आपलं?”

मी नाव सांगितलं, कृष्णात. एवढ्या वर्षांत ज्यानं मला किस्न्या सोडून दुसऱ्या नावानं हाक मारली नव्हती, त्या आवाजानं ते नाव परक्यासारखं म्हणून पाहिलं.

“कृष्णात. न्हाय बा आठवत. बरं असू दे. लई वारं हाय हितं. येतो.”

समोर ऊन लख्ख होतं. मसाईच्या अलीकडे कावळटेकाचा फुगवटा मला नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. चौथा संपर्क झाला म्हणजे नियमानं डोंगर माझा झाला होता, पण तो मी धरला नाही. तसाच सामान आवरून खाली आलो.

३

मी भोळा माणूस नाही. फाउंड्रीत ओतकामात दोष निघाला की आधी वाळू बघायची, मग साचा, मग धातू. कोणाची दृष्ट लागली असं म्हणून चालत नाही. घरी आल्यावर मी तसाच क्रम लावला. आजकाल कुणाचाही आवाज कॉम्प्युटरवर बनवता येतो. धम्मपालचे जयंतीचे व्हिडिओ कोणाकडे तरी असणारच. एखाद्या टवाळ पोरानं केलं असेल. सापडला तर त्याच्या कानाखाली जाळ काढायचा, एवढं ठरवून मी झोपलो.

दुसऱ्या दिवशी जयसिंगचा फोन आला. म्हणाला, काल तुमचं बोलणं ऐकलं, धम्मपालरावांचा आवाज काय परत आलाय, कुठल्या डॉक्टरनं केलं ते सांगा, माझ्या मेहुण्यालाही तोच त्रास आहे. तो इतका खुशीत होता की मला खरं काय ते सांगता येईना. मी काहीतरी थातुरमातुर बोललो, पण त्या रात्रीची झोप गेली. मंगळवारी संध्याकाळी सुटल्यावर कंपनीतून सरळ धम्मपालच्या घरी गेलो.

त्याची बायको, सोनम वहिनी, झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहेत. दार उघडल्या उघडल्या माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी विचारलं, “तुमीबी ऐकलासा?”

मी मान डोलावली. त्यांनी मला सरळ आत नेलं. धम्मपाल रेडिओपुढे बसला होता. त्याचे गाल आत गेले होते, मनगटं बारीक झाली होती. डॉक्टरांच्या मते सगळं ठीक होतं, तरी माणूस दिवसेंदिवस उतरत होता. गच्चीवरच्या अँटेनामुळे त्यांच्याकडे तो आवाज कितीतरी आठवड्यांपासून येत होता. रोज सकाळी चहाच्या वेळी. पहिल्यांदा ऐकला तेव्हा वहिनी कणीक मळत होत्या. तशाच पिठाच्या हातांनी खाली बसल्या, असं त्यांनीच सांगितलं.

“ह्यांच्या आवाजातलं एक वाक्य न्हाय माझ्या फोनमधी, भावजी. फोटू हजार हाईत,” त्या म्हणाल्या. “कोण का असंना. रोज लावा म्हणून मीच ह्यांच्या मागं लागल्यालो.”

मला राग यायला हवा होता, पण उलट भरून आलं. मी चहा संपवला. रविवारी सकाळी येतो म्हणून उठलो, तेव्हा धम्मपालनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

४

रविवारी मी गेलो तेव्हा त्यानं तयारी करून ठेवली होती. बोलता येत नसलं तरी मोर्स येत होतं. आयटीआयच्या पोरांना शिकवायचा छोटा बझर त्यानं माईकसमोर ठेवला होता. बोटानं खटका दाबायचा, टीट-टा, टीट-टा, आणि अक्षरं हवेत जातात. आजवर त्यानं त्या आवाजाला कधी उत्तर दिलं नव्हतं. माझी वाट बघत होता.

चहा निवत आला तेव्हा रेडिओ बोलला. “कांदा, हळद, धपाटं. कोण हाय का?”

धम्मपालनं बझर वाजवला. आहे, एवढंच.

“आरं वा, मोर्सवालं पावणं. सावकाश पाठवा, मी लिहून घेतो. नाव काय आपलं?”

धम्मपालनं स्वतःचं नाव पाठवलं. एकेक अक्षर, शांतपणे. मी आणि वहिनी त्याच्या बोटाकडे बघत होतो.

रेडिओत नुसतं वारं वाहत राहिलं. मग आवाज म्हणाला, “ते माझं नाव हाय, पावणं.”

धम्मपालनं पुन्हा तेच पाठवलं. पुढे घराचा पत्ता पाठवला, आणि वहिनींचं नाव.

“घरातनं बोलालाय तुमी?” आवाज हळू झाला होता. “मग मी हितं वर काय करालोय?”

धम्मपालचं बोट खटक्यावरच राहिलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला वाटलं आता पुरे, आणि रेडिओ बंद करायला मी हात पुढे केला. तेव्हा मला ते दिसलं. त्याच्या गळ्यावरचं कापड श्वासाबरोबर सारखं हलत असतं. आत बाहेर, आत बाहेर. ते हलत नव्हतं.

“वर येशील का?” आवाज म्हणाला. “न्हाय, ये म्हंजे काय, मी येतो म्हणून बसलोय खरं, पण मला वाट घावना. तूच ये की वर. लई वारं हाय.”

बोलणं थांबलं आणि धम्मपालच्या गळ्यातून शिट्टीसारखा मोठा श्वास आत गेला. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं होतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. इतके दिवस सकाळी त्या डोळे मिटून ऐकायच्या, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. पुढे होऊन त्यांनीच वायर उपटली.

५

त्या आठवड्यात मी त्याचा रेडिओ माझ्या घरी घेऊन आलो. मनाला समजावलं की दमलेला माणूस, रडताना श्वास अडकतोच. कापडाचं काय एवढं. पण गुरुवारी उजाडता उजाडता वहिनींचा फोन आला. स्कूटर जागेवर नव्हती. टेबलावर पाटी होती आणि तिच्यावर एकच शब्द होता, येतो.

कुठं गेला असेल हे विचारायची गरज नव्हती. मी हातातला रेडिओ घेतला, वहिनींना गाडीत घातलं आणि पन्हाळ्याचा घाट चढलो. कावळटेकाच्या पायथ्याला स्कूटर उभी होती. वहिनी शाळेच्या चपलांवरच चढायला लागल्या.

अर्ध्या वाटेवर तो दिसला. एका दगडाला पाठ टेकून बसला होता, अंगात त्याचं निळं जाकीट, एक हात गळ्यावर. चढावर उघड्या भोकातून वाळल्या गवताचा सगळा धुरळा आत गेला होता. शेजारी जोतीराम होता. पठारावर म्हशी राखणारा हा म्हातारा आम्हाला पूर्वीपासून ओळखतो. तो धम्मपालची पाठ चोळत होता.

“वर जायाचं म्हणत्यात खुणंनं. मीच बसवलंय,” जोतीराम म्हणाला. “आता तुमचं दुसरं पावणं हाय की वर. हाक मारू का त्येला? रोजच असतंय.”

मी वर पाहिलं. माथ्यावर काठी उभी होती. काठीला तार होती, सकाळच्या उन्हात चमकत होती. काठीखाली आमच्याकडे पाठ करून कोणीतरी बसलं होतं. अंगात निळं जाकीट होतं. मी धम्मपालकडे पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. डोळ्यांवर ऊन येतंय, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

रेडिओ माझ्या हातात होता. तो मी चालू कधी केला ते मला खरंच आठवत नाही.

“आलास व्हय?” आवाज म्हणाला. “ये की. जवळच हाईस.”

जोतीरामच्या हाताखाली धम्मपालचं अंग ताठ झालं. श्वास थांबला. आवाज बोलत राहिला, वाट कुठून आहे, वर बसायला दगड कसा चांगला आहे, एकट्याला किती कंटाळा येतो. धम्मपालचे ओठ काळेनिळे पडत चालले. तरी तो हातानं जमीन चाचपत उठायला बघत होता. त्याला भीती वाटत नव्हती. स्टँडवर उतरलेल्या आपल्या माणसाला आणायला निघावं, तसा त्याचा चेहरा होता. त्याचंच मला जास्त भय वाटलं.

वहिनींनी माझ्या हातातून रेडिओ ओढून घेतला. कुठलं बटण दाबायचं ते त्यांना नवऱ्याकडे बघून बघून माहीत होतं.

“अहो,” त्या म्हणाल्या. “मी सोनम.”

आवाज मधेच थांबला. वर बसलेला हलला नाही. धम्मपालच्या गळ्यात एक श्वास कसाबसा शिरला.

“सोनम,” आवाज म्हणाला. एवढ्या लोकांत त्याला हे एकच नाव आठवलं. मग अगदी रोजच्यासारखं विचारलं, “जेवलीस का?”

वहिनींनी पदर तोंडात कोंबला. मी रेडिओ परत घ्यायला पुढं झालो, तर त्यांनी मला हातानंच मागं सारलं.

“जेवलो,” त्या म्हणाल्या. “तुमी आता जावा.”

“जावा म्हणतीस व्हय गं? असं कोण म्हणतंय का? बंद करतो, येतो, असं म्हणू दे की.”

“न्हाय. येतो म्हणायचं न्हाय.” त्यांचा आवाज फाटला, पण बटणावरचा अंगठा हलला नाही. “लई गोड वाटलं ऐकून. रोज वाटायचं. पर ह्यांचा जीव जातोय. माझं ऐका. जातो म्हणा.”

म्हशींच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. धम्मपालनं डोळे मिटले होते. वर बसलेल्यानं मान हळूहळू आमच्याकडे वळवली. इतक्या लांबून चेहरा दिसत नाही, दिसायला नको होता. तोंड मात्र उघडं असलेलं दिसलं. आवाज येण्याच्या कितीतरी आधीपासून ते तसंच उघडं होतं.

“जातो,” रेडिओ म्हणाला.

वाऱ्याचा आवाज तुटला. धम्मपालच्या गळ्यातून शिट्टी वाजली, पुन्हा वाजली, मग खोकला आला, कफ आला, गवताचं कस्पट बाहेर पडलं. वहिनी त्याच्या गळ्यावरचं कापड सारखं करत त्याच्या छातीवर डोकं टेकून रडायला लागल्या. तो त्यांच्या केसांवरून हात फिरवत होता. मी वर पाहिलं तेव्हा माथ्यावर फक्त गवत होतं.

६

जोतीरामनं पाणी दिलं. धम्मपालच्या ओठांना रंग आला. मला एकदम इतकं हलकं वाटलं की हसूच यायला लागलं. उतरायच्या आधी मी रेडिओ हातात घेतला. एवढा वेळ आपण चॅनेल अडवून धरलं होतं, जयसिंग किंवा कोणीतरी ऐकत असणार. बंद करताना सांगून बंद करायची आमच्यात रीत आहे. मी बटण दाबलं, माझं कॉलसाईन सांगितलं, सगळ्यांचे आभार मानले आणि म्हणालो, “बंद करतो. येतो.”

धम्मपालनं झडप घालून माझं मनगट धरलं. पण तोवर मी बटण सोडलं होतं.

वारं नव्हतं. आम्ही सगळे त्या रेडिओकडे बघत राहिलो. माथ्यावर कोणी नव्हतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं.

मग रेडिओतून आलं, टिक टिक.

धम्मपाल आता बराच सुधारला आहे. अंग धरलंय, संध्याकाळी पंचगंगेपर्यंत चालत जातो. कपाटातलं यंत्र काढून गळ्याला लावतो आणि त्या पत्र्याच्या आवाजात वहिनींची थट्टा करतो, आणि वहिनी खदखदून हसतात. मला भेटला की मात्र आधी माझ्या तोंडाकडे बघतो. मी काहीतरी बोलावं म्हणून थांबतो.

गेल्या आठवड्यापासून माझा घसा बसला आहे. भट्टीचा धूर आहे, ओरडण्याचं काम आहे, होतं असं. मोना हळदीचं दूध देते. सकाळी शिफ्टला निघालो की दारापर्यंत येते आणि म्हणते, घसा बसला म्हणून काय झालं, निघताना येतो तरी म्हणा.

मी नुसती मान हलवतो.